बंदूक सोपी, हवा अवघड : पीसीपी रायफल घेण्याआधी थोडा इतिहास

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी मामेभावाचा फोन आला. चाकणला थर्ड शिफ्ट करून तो नुकताच रूमवर पोचला होता. "ताई, तू त्या गॅसच्या प्रेशरवरच पीएचडी करतेस ना? मग एक सांग. मी सेकंडहँड पीसीपी रायफल घेतलीय. सिलिंडर रिकामा आहे. कुरुळीजवळ मित्राचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. तो म्हणतो, गॅस कटिंगच्या ऑक्सिजनमधून भरून देतो. चालेल ना? शेवटी हवाच की!"

मी म्हटलं, "कशालाही हात लावू नकोस. मी येते."

चिंचवडहून चाकणला जाईपर्यंत मोशीच्या ट्रॅफिकमध्ये विचार करायला भरपूर वेळ मिळाला. "नको" एवढं सांगून भागलं असतं, पण का नको हे कळलं नाही तर माणूस पुढच्या महिन्यात दुसरा काहीतरी जुगाड करतो. आणि "का"चं उत्तर द्यायचं तर जवळजवळ अडीचशे वर्षं मागं जावं लागतं. त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितेय, कारण स्वप्नील कुसाळेचं पदक आल्यापासून "एअर रायफल सुरू करायचीय, कुठली घेऊ?" हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतंच.

जत्रेतली बंदूक आणि पीसीपी

आपल्यापैकी बहुतेकांनी हातात घेतलेली पहिली एअरगन जत्रेतली. फुगेवाला नळी मधोमध मोडतो, छर्रा घालतो, नळी सरळ करून आपल्या हातात देतो. नळी मोडताना आत एक जाड स्प्रिंग दाबली जाते. खटका ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, समोरची हवा क्षणात दाबली जाते आणि छर्रा सुटतो. म्हणजे प्रत्येक गोळीची हवा त्या-त्या वेळी तयार होते.

पीसीपीमध्ये हवा आधीच भरून ठेवलेली असते, म्हणून तिला प्रीचार्ज्ड म्हणायचं. नळीखाली एक छोटा सिलिंडर असतो, त्यात साधारण 200 बार दाबाची हवा. खटका ओढला की एक झडप क्षणभर उघडते, मोजून थोडी हवा बाहेर येते, बाकीची पुढच्या छर्ऱ्यांसाठी शिल्लक राहते. 200 बार म्हणजे किती? आपल्या सीएनजी रिक्षाच्या टाकीत भरतात तेवढा. स्कूटरच्या टायरमध्ये आपण 30 पीएसआय भरतो. हे जवळपास 2900 पीएसआय झालं.

ऐकायला हे आधुनिक वाटतं. पण पीसीपी ही जत्रेतल्या स्प्रिंगवाल्या बंदुकीपेक्षा जुनी आहे.

1779 : एकीकडे वडगाव, एकीकडे व्हिएन्ना

जानेवारी 1779 मध्ये आपल्या तळेगावच्या पलीकडे, वडगाव मावळला, मराठ्यांनी इंग्रज फौज कोंडीत पकडली आणि तह लिहून घेतला. त्या लढाईत दोन्ही बाजूंचा भरवसा दारूवर होता. तोडा असो की गारगोटी, ठिणगी पडल्याशिवाय गोळी सुटत नसे, आणि दारू ओली झाली की बंदूक म्हणजे काठी.

जवळपास त्याच सुमाराला ऑस्ट्रियाच्या सैन्यात एक वेगळीच रायफल दाखल होत होती. बार्तोलोमेओ जिरांदोनी या कारागिराने ती बनवली होती. तिचा दस्ता म्हणजे लोखंडाची पोकळ बाटली, आणि त्यात साधारण 800 पीएसआय दाबाची हवा. बाजूच्या नळीत वीसेक गोळ्या. धूर नाही, ठिणगी नाही, पावसाची भीती नाही, आणि एकापाठोपाठ एक गोळ्या झाडता येतात. पुढे 1803 ते 1806 दरम्यान अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळणाऱ्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेतही हवेची रायफल होती. वाटेत भेटणाऱ्या लोकांवर छाप पाडायला ते ती झाडून दाखवत.

मग ही बंदूक जगभर का पसरली नाही? ऑस्ट्रियाच्या सैन्यानेसुद्धा 1815 च्या आसपास ती काढून टाकली. कारण बंदुकीत नव्हतं, हवेत होतं. एक दस्ता भरायला हातपंपाचे सुमारे 1500 झटके मारावे लागत. हवा अडवायला चामड्याचे वॉशर होते. जुन्या सायकल पंपात असायचे तसेच, आणि ते ओलसर ठेवले नाहीत तर हवा निसटायची. बाटली बनवणं जोखमीचं काम होतं. रणांगणात बिघडलेली बंदूक दुरुस्त करेल असा लोहार मिळायचा नाही.

म्हणजे कल्पना बरोबर होती, पण तिला लागणाऱ्या तीन गोष्टी जगात नव्हत्या : भरवशाचा सिलिंडर, न गळणारं सील, आणि हवा दाबायचं सोपं यंत्र. त्या यायला पुढची जवळपास दोनशे वर्षं गेली.

मधली स्प्रिंग

हवा साठवता येत नाही तर साठवायचीच नाही, हे स्प्रिंगच्या बंदुकीचं शहाणपण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये बीएसए आणि जर्मनीत डायना या नावांनी तिला घरोघरी नेलं. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत माळ्यावर अजून एखादी बीएसए सापडते. महाराष्ट्रातली गंमत म्हणजे इथे एअर रायफल बनवणाऱ्यांत वालचंद उद्योगसमूहातली इंडियन ह्यूम पाइप ही कंपनी होती. सिमेंटच्या पाइपांसाठी तिचं नाव तुम्ही रस्त्याच्या कडेला वाचलं असेल. जुन्या शौकिनांना तिची "नॅशनल" रायफल अजून आठवते.

या बंदुकांनी पोरांनी चिमण्या-साळुंक्या मारल्या, हेही इतिहासात लिहायलाच हवं. आज वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि हा छंद कागदाच्या निशाणावरच सुरू होतो आणि तिथेच वाढतो.

स्प्रिंगचा एक दोष मात्र जाता जात नाही. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत जड दट्ट्या पुढे आदळतो आणि बंदूक हलते. फुगा फोडायला ते चालतं. पण 10 मीटरच्या स्पर्धेत "दहा"चं वर्तुळ म्हणजे अर्धा मिलिमीटरचा ठिपका, वहीवर पेनाने दिलेला पूर्णविराम. तिथे हा हलका धक्कासुद्धा महाग पडतो.

10 मीटर एअर रायफल 1966 मध्ये जागतिक स्पर्धेत आली आणि 1984 मध्ये लॉस एंजलिसला ऑलिंपिकमध्ये. या काळात इंजिनिअर लोक त्या धक्क्यामागे हात धुऊन लागले होते. जर्मनीतल्या फाइनवेर्कबाऊने सगळी यंत्रणाच रुळावर बसवली, म्हणजे धक्का बसला तरी ती मागे सरकेल आणि खांद्याला कळणार नाही. वाल्थरने 1970 च्या दशकात स्प्रिंगच काढली. बाजूचा दांडा एकदा ओढून एका गोळीपुरती हवा भरायची. मग कार्बन डायऑक्साइड आला. तो दाबाखाली द्रव होतो, त्यामुळे छोट्या बाटलीत भरपूर मावतो. पण त्याचा दाब तापमानावर नाचतो : 20 अंशांना सुमारे 57 बार, 30 अंशांना 70 च्या पुढे. आणि 31 अंशांच्या वर तो द्रव राहतच नाही. युरोपातल्या बंद हॉलमध्ये ठीक. आपल्या एप्रिलमध्ये सकाळच्या आणि दुपारच्या छर्ऱ्याचा वेग एक राहणार कसा?

शेवटी 1990 च्या दशकात मॅच रायफली साध्या, कोरड्या, दाबलेल्या हवेवर आल्या. सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमचे. आत एक रेग्युलेटर, जो सिलिंडरमध्ये 200 बार असोत की 100, झडपेपर्यंत तोच ठरावीक दाब पोचवतो. आणि सगळीकडे रबराच्या ओ-रिंगा. जिरांदोनीची कल्पना दोनशे वर्षांनी पुन्हा हातात आली.

माझी रबराची रिंग

इथे माझं संशोधन येतं. बाबा कंपनीत फिटर होते, आता रिटायर झालेत. ते अजून विचारतात, "चार वर्षं झाली, त्या दोन रुपयांच्या रिंगवर अजून काय शोधायचं राहिलंय?"

ओ-रिंगचं 1939 चं अमेरिकी पेटंट नील्स क्रिस्टेन्सन या डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेल्या माणसाचं. सत्तरी ओलांडल्यावर त्याने हे काम केलं. रिंग एका खाचेत बसते. दाब आला की तोच दाब तिला फटीकडे ढकलतो. जितका दाब जास्त, तितकी ती घट्ट बसते. चामड्याला हे जमत नव्हतं.

पण रबर म्हणजे दगड नाही. जास्त दाबाखाली गॅस हळूहळू रबरात मुरतो. दाब एकदम सोडला तर मुरलेला गॅस बाहेर यायला धडपडतो आणि रिंगला आतून फोड येतात, चिरा पडतात. गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर बुडबुडे कसे उसळतात, तसंच, फक्त रबराच्या पोटात. हे कधी होतं, कुठल्या रबरात कमी होतं, हे मी मोजते. पीसीपीवाल्यासाठी त्यातून निघणारी शिकवण सोपी आहे : हवा भरताना सावकाश, सोडताना त्याहून सावकाश.

पट्ट्यातली हवा सात बारची

आता आपल्या भागाकडे येऊ. दाबलेली हवा पिंपरी-चिंचवडला नवीन नाही. दापोडीला मुंबई-पुणे रस्त्यावर अ‍ॅटलस कॉप्को ही स्वीडिश कंपनी कित्येक दशकं कॉम्प्रेसरच्या धंद्यात आहे. तिच्या पत्त्यातच "स्वेआनगर" आहे, स्वेआ म्हणजे स्वीडन. भोसरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही शेडमध्ये जा, निळी किंवा पिवळी एअर लाइन भिंतीवरून गेलेली दिसेल. म्हणून इथल्या पोरांना वाटतं, हवा काय, आपल्या कंपनीतच आहे.

पण ती हवा सहा-सात बारची असते. 200 बारपर्यंत जायचं तर एका टप्प्यात जमत नाही. दाबली की हवा तापते, म्हणून थोडी दाबायची, गार करायची, पुन्हा दाबायची, असे तीन-चार टप्पे लागतात. शिवाय पाणी. मॅच रायफलचा सिलिंडर साधारण 150 मिलिलिटरचा धरा. त्यात 200 बारला बाहेरची सुमारे 30 लिटर हवा मावते. आपल्या जुलैच्या हवेत तेवढ्यात अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त पाणी असतं. हवा न सुकवता शंभर वेळा भरलीत तर कटिंग चहाच्या ग्लासाइतकं पाणी आत ढकललंत. मग रेग्युलेटर गंजतो आणि आपण बंदुकीला शिव्या देतो.

आणि ऑक्सिजन? मामेभावाच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे. कटिंगच्या काळ्या बाटलीत साधारण 150 बार दाबाचा शुद्ध ऑक्सिजन असतो. झडप झटकन उघडली की तो रायफलच्या छोट्या बंद जागेत घुसतो आणि तिथली हवा क्षणात दाबली जाते. कागदावरच्या हिशेबाने तिथलं तापमान 900 अंश सेल्सियसच्या पुढे जातं. साध्या हवेत हे बहुधा निभावून जातं. शुद्ध ऑक्सिजनमध्ये मात्र ग्रीस पेटतं, रबर पेटतं, आणि मग अ‍ॅल्युमिनियमसुद्धा पेटू शकतं. वेल्डिंगवाले ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा हात लावू देत नाहीत ते याचसाठी. हा नियम त्या मित्राला माहीत होताच. बंदुकीच्या आत तेल-ग्रीस असतं, एवढंच त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

सिलिंडरवरची तारीख

चाकणला पोचल्यावर मी आधी सिलिंडर हातात घेतला आणि त्यावर कोरलेली तारीख शोधली. 2009. मॅच रायफलींच्या अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरना कंपन्यांनी सर्रास 10 वर्षांचं आयुष्य ठरवून दिलेलं आहे. काही नव्या सिलिंडरना जास्त असतं, पण ते त्यांच्या कागदांत लिहिलेलं असतं. स्पर्धेतसुद्धा मुदतीतला सिलिंडर वापरण्याची जबाबदारी खेळाडूचीच असते.

तारीख का? कारण प्रत्येक वेळी भरताना सिलिंडर सूक्ष्म ताणला जातो, रिकामा होताना आकसतो. पोलादाला ठरावीक मर्यादेखाली असा ताण जवळपास कायम सोसतो. अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादा नाही, ते प्रत्येक फेरीला थोडं थकतंच. वरून पॉलिश चकचकीत दिसतं, म्हणून कळत नाही.

हिशेब करून पाहा. 150 मिलिलिटर, 200 बार. तो एकदम फुटला तर सुमारे 6000 जूल ऊर्जा बाहेर पडते. म्हणजे 60 किलोचा माणूस 10 मीटर उंचीवरून पडल्यावर जेवढी, तेवढी. नळीतून निघणाऱ्या छर्ऱ्याची ऊर्जा साधारण 8 जूल. माणसं नळीच्या तोंडाला घाबरतात, ते योग्यच आहे. पण गालाखाली जो सिलिंडर धरलेला असतो त्यात सातशे पट जास्त साठलेलं असतं.

विकणाऱ्याने भावाला खोटं काही सांगितलं नव्हतं. तारखेबद्दल याने विचारलं नव्हतं, त्याने सांगितलं नव्हतं.

मग सुरुवात कशी करायची?

माझं मत : इतिहास ज्या क्रमाने गेला त्या क्रमाने जा. आधी रेंज, मग स्प्रिंग किंवा क्लबची रायफल, आणि पीसीपी सगळ्यात शेवटी.

रेंजच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. मुंबईत वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर संजय चक्रवर्ती सरांच्या हाताखाली अंजली भागवत घडल्या. सिडनी 2000 मध्ये त्यांनी एअर रायफलची अंतिम फेरी गाठली आणि त्यानंतर मराठी घरांत "मुलगी शूटिंग करते" हे वाक्य सरळ वाटायला लागलं. वाकडच्या शेजारी बालेवाडीचं क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभं राहिलं. 2011 मध्ये गगन नारंग आणि पवन सिंग यांनी पुण्यात "गन फॉर ग्लोरी" सुरू केली. पुढच्याच वर्षी नारंगना लंडनमध्ये 10 मीटर एअर रायफलचं कांस्य मिळालं. कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे पुण्यात रेल्वेची नोकरी सांभाळत बालेवाडीत सराव करायचा. 2024 मध्ये पॅरिसला त्याला 50 मीटरमध्ये कांस्य मिळालं. ती रायफल काडतुसाची, पण उभं राहणं, श्वास आणि खटका हा पाया तोच.

रेंजवर क्लबची रायफल मिळते, भरलेली हवा मिळते, आणि चूक दाखवणारा माणूस मिळतो. तिसरी गोष्ट विकत मिळत नाही. निदान सहा महिने तिथे काढा. घरी सरावाला स्प्रिंगची रायफल चालते, फक्त मागे छर्रे अडवणारा भक्कम अडथळा हवा आणि वाटेत कुणाचं दार उघडणार नाही अशी जागा. स्प्रिंगच्या धक्क्यात ज्याचा हात स्थिर राहायला शिकतो, त्याला पुढे पीसीपी सोपी जाते. छर्रे शिशाचे असतात. हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही.

मग पीसीपी. घेताना तीन गोष्टी बघा. एक, कायदा : 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मिमी (.177) पर्यंतच्या आणि 20 जूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. परदेशी व्हिडिओंत दिसणाऱ्या .22 च्या दमदार पीसीपी या मर्यादेबाहेर जातात, तिथे परवाना लागतोच. दोन, सिलिंडरची तारीख. तीन, हवा कुठून आणणार. या तिसऱ्याचं उत्तर नसेल तर रायफल घेऊच नका. हातपंप असतो, तीन टप्प्यांचा, 1500 झटके लागत नाहीत पण घाम येतो. नाहीतर रेंजवरची कोरडी हवा.

आणि "वाढणं" म्हणजे दरवर्षी महागडी रायफल असं नाही. स्पर्धेत 60 छर्रे 75 मिनिटांत झाडायचे असतात, एकेकाला सव्वा मिनिट. सुरुवातीला आपण ते वीस मिनिटांत संपवतो. छर्रा सोडायचा नाही असं ठरवून रायफल खाली घेता यायला लागली की समजावं, आता जमायला लागलंय.

मामेभाऊ सध्या दर रविवारी, शिफ्ट कुठलीही असो, बालेवाडीला जातो. रायफल क्लबची. स्वतःच्या रायफलसाठी नवा सिलिंडर घ्यायला पैसे साठवतोय. जुन्याची झडप काढून तो पूर्ण रिकामा असल्याची खात्री केली आणि बाबांनी त्याला व्हाइसमध्ये धरून आरपार भोक पाडलं, पुन्हा कुणी भरू नये म्हणून. आता तो माझ्या टेबलावर असतो, प्रबंधाच्या कागदांवर वजन म्हणून. 2009 ची बाजू वर ठेवलीय.